खिशात बाळगायचा दुधारी घडीचा चाकू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुधारी घडीचा चाकू कशाला म्हणायचे?

ज्याचे पाते मुठीच्या खोबणीत मिटते आणि ज्याच्या पात्याला दोन्ही कडांना धार असते, तो दुधारी घडीचा चाकू. साध्या चाकूत पात्याची एक कड धारेची असते आणि दुसरी जाड, बोथट असते. तिला आपण पात्याची पाठ म्हणतो. दुधारी पात्याला अशी पाठ नसते. त्याचा सर्वांत जाड भाग मधोमध टोकापर्यंत जाणारी रेघ असते आणि तिथून दोन्ही बाजूंना पाते उतरत जाते. खालील उत्तरांत, चाकू मिटल्यावर खोबणीच्या तळाशी जाणाऱ्या कडेला 'मुख्य धार' आणि खोबणीच्या तोंडाशी राहणाऱ्या कडेला 'पाठीची धार' असे म्हटले आहे. या दोन धारांमधला फरक ध्यानात राहिला, तर पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतील.

चाकू मिटल्यावर पाठीची धार कुठे जाते?

हा चाकू निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, आणि आश्चर्य असे की, तो फारच थोडे लोक विचारतात. पोलाद कोणते, मूठ कशाची, उघडतो किती झटकन, याची चौकशी होते. पण मिटलेल्या चाकूवरून बोट फिरवले तर काय लागेल, हे कोणी पाहत नाही.

साधा घडीचा चाकू मिटला की त्याची मुख्य धार खोबणीत दडते आणि पाठ मुठीच्या बाहेर थोडी डोकावते. पाठ बोथट असल्यामुळे त्यात काही बिघडत नाही, उलट नखाने किंवा अंगठ्याने पाते उघडायला ती हाताशी असते. घडीच्या चाकूची सगळी रचनाच या गृहीतकावर उभी आहे की, जी कड बाहेर राहील ती निरुपद्रवी असेल. पाठीला धार दिली की हे गृहीतक कोसळते, आणि मिटलेला चाकू खिशात ठेवणे म्हणजे एक लांबच लांब उघडे ब्लेड खिशात ठेवणे ठरते.

यावर प्रामाणिक म्हणता येतील असे तोडगे मोजकेच आहेत. पहिला म्हणजे मूठ इतकी रुंद ठेवायची की संपूर्ण पाते, पाठीच्या धारेसकट, खोबणीच्या काठाखाली बुडेल. दुसरा म्हणजे पाठीची धार फक्त टोकाजवळच्या भागात द्यायची, आणि तेवढ्याच भागापुरते मुठीचे काठ उंच ठेवायचे. तिसरा म्हणजे पाते मिटवण्याची पद्धतच बदलायची. त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे. आणि चौथा, जो बाजारात सर्वाधिक दिसतो, म्हणजे पाठीला धार दिल्यासारखे दाखवायचे, पण ती द्यायची नाही.

हा प्रश्न नवा नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत शिरा उघडून रक्त काढण्यासाठी युरोपातील वैद्य जे छोटे लॅन्सेट वापरत, त्याचे पाते टोकदार आणि दुधारी असे. १८२३ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाचे 'द लॅन्सेट' हे नाव त्याच हत्याराचे आहे. त्या लॅन्सेटला खोबणीची मूठच नसे. कासवाच्या पाठीच्या किंवा हस्तिदंताच्या दोन पातळ पाकळ्या एका खिळीवर फिरत, आणि त्या पात्यापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद असत. मिटल्यावर पाते त्या दोन पाकळ्यांच्या मधे, पुस्तकात पान असावे तसे, पूर्ण झाकले जाई. आच्छादन पात्यापेक्षा दोन्ही कडांना रुंद हवे, हा या प्रश्नाचा खरा निकष, आणि तो आजही तोच आहे.

विकत घेण्यापूर्वी हे तपासायचे कसे?

चाकू मिटवा आणि खोबणीच्या तोंडावर एक पट्टी किंवा कोणतीही सरळ, ताठ कड आडवी टेकवून ती मुठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्या. पट्टी सर्वत्र मुठीच्या दोन्ही काठांवर बसली पाहिजे. पात्याला कुठेही टेकता कामा नये. त्यानंतर जुन्या, मऊ सुती कापडाचा तुकडा घेऊन तो मिटलेल्या चाकूवरून घट्ट ओढा आणि उजेडात धरून पाहा. एक जरी धागा तुटला असेल तर तो चाकू खिशासाठी नाही.

बोटाने तपासू नये. हे सांगावे लागते, कारण हातात चाकू आला की बोट आपसूक त्याच्याकडे जाते.

कापडाच्या चाचणीवर माझा भर असण्याला कारण आहे. माझ्याकडच्या पहिल्या दुधारी चाकूत पाठीची धार फक्त शेवटच्या दोन बोटांएवढ्या भागात उघडी होती, आणि तीही मुठीच्या काठापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर वर. डोळ्यांना ते दिसतही नव्हते. काही आठवड्यांनी पँटच्या खिशातली नाणी पायावरून घरंगळत बुटात जाऊ लागली, तेव्हा खिसा उलटा करून पाहिला. अस्तराला शिवणीला समांतर, रेघ मारावी तशी सरळ चीर गेली होती. खिशाच्या जागी बोट असते तर हे इतक्या उशिरा कळले नसते, एवढेच.

खोटी धार म्हणजे काय, आणि ती फसवणूक मानायची का?

पाठीची कड दोन्ही अंगांनी घासून निमुळती केलेली असते, दिसायला पाते दुधारी दिसते, पण शेवटची धार काढलेली नसते. त्या कडेची जाडी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर ठेवलेली असते. याला खोटी धार म्हणतात. तिने टोक हलके होते, भोक पाडताना टोक सहज शिरते, आणि मिटल्यावर बाहेर डोकावणारी कड अंगाला लागत नाही.

माझ्या मते, खिशात चाकू बाळगू इच्छिणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना खरे तर हेच हवे असते. त्यांना दुधारी पात्याचा आकार आवडलेला असतो; दुसऱ्या धारेचे काम त्यांच्याकडे नसते. विक्रेता ती धार खरी असल्याचे सांगत असेल तर मात्र फसवणूक आहे, आणि खोटी धार पुढे घरी घासून खरी करणे हा शहाणपणा नव्हे. तो चाकू त्या धारेसाठी बनवलेलाच नसतो; मुठीचे काठ, कळ (उघडे पाते अडकवून ठेवणारे लॉक) आणि नखाने उघडण्याची खाच या सगळ्या गोष्टी बोथट पाठ धरून आखलेल्या असतात.

दोन धारा म्हणजे दुप्पट चांगले कापते, हे खरे का?

नाही, आणि इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, पाते २४ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड आहे. एकधारी पात्यात पाठीपासून धारेपर्यंत उतरायला पूर्ण २४ मिलिमीटर मिळतात, म्हणून पात्याच्या पाचरीचा एकूण कोन सुमारे ७ अंश होतो. तेच पाते दुधारी केले की जाडी मधोमध जाते आणि प्रत्येक धारेच्या वाट्याला उतरायला फक्त १२ मिलिमीटर उरतात. पाचरीचा कोन सुमारे १४ अंश होतो, म्हणजे दुप्पट. पुठ्ठ्यासारखी वस्तू कापताना पाते आत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी अडकते, हात जोर लावतो, आणि जोर लावलेला हातच घसरतो.

कोन कमी करायचा तर पाते पातळ करावे लागते. पातळ केले की टोकाला ताकद राहत नाही. दुधारी पात्याच्या बाबतीत धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी गत आहे, ती इथेच.

मग दुधारी पात्याचा उपयोग तरी काय?

दोन धारा दोन वेगळ्या कामांसाठी असतील, तर उपयोग आहे. पाणबुडे वापरतात त्या सुऱ्यांमध्ये एक कड साधी धारेची आणि दुसरी दातेरी असलेली आढळते. दातेरी कड ओला दोर आणि जाळे तोडते, साधी कड बाकीची कामे करते. परंतु या सुऱ्या बहुधा न मिटणाऱ्या असतात आणि म्यानात पायाला किंवा पट्ट्याला बांधलेल्या असतात, हे लक्षात घ्यावे.

दोन्ही धारा एकसारख्याच असतील तर त्याचे मूळ खंजिराच्या आकारात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी बनलेला फेअरबेर्न-साइक्स खंजीर हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप. तोही न मिटणारा, आणि तोही म्यानात राहणारा. घडीच्या चाकूने हा आकार उसना घेतला, पण म्यान घेतले नाही, आणि सगळी अडचण तिथून सुरू झाली.

कळ किंवा लॉक कोणते असावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट हातात चाकू धरल्यासारखी डोळ्यांसमोर आणा. मुख्य धारेने काही कापताना ती वस्तू पात्याला मागे, म्हणजे आणखी उघडण्याच्या दिशेने रेटत असते. त्या दिशेला पाते जाऊच शकत नाही, कारण तिथे अडवणारी पक्की खीळ असते. कळ ढिली असली तरी अशा कापण्याने पाते मिटत नाही. आता चाकू फिरवून पाठीच्या धारेने कापा. जोर बरोबर उलट्या दिशेने लागतो, पाते मिटण्याच्या दिशेने ढकलले जाते, आणि त्याला थोपवून धरणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कळ. ती सुटली तर मुख्य धार थेट मुठीभोवतीच्या बोटांवर येते.

याचा अर्थ असा की, एकधारी चाकूत कळ ही जादा सुरक्षितता असते, आणि दुधारी चाकूत पाठीची धार वापरताना कळ हीच संपूर्ण सुरक्षितता असते. त्यामुळे नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभे राहणारे, कळ नसलेले चाकू दुधारी पात्यासाठी विचारातच घेऊ नयेत.

उरलेल्यांपैकी, मुठीच्या पाठीवर दाबण्याची कळ असलेली रचना जुनी आणि भरवशाची आहे. १९६४ साली आलेल्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने ती घराघरांत नेली. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते, आणि फ्रेम लॉकमध्ये मुठीचा एक अंगच तेच काम करतो, म्हणून तो अधिक दणकट असतो. परंतु या दोन्हींत कळ सोडताना अंगठा खोबणीच्या आत, पात्याच्या वाटेतच न्यावा लागतो. बटण दाबून किंवा आडवा दांडा मागे ओढून सुटणाऱ्या कळा या दृष्टीने उजव्या आहेत, कारण त्यांत एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही आणि पाते मिटवायला त्याच्या पाठीला हात लावावा लागत नाही. दुधारी चाकूच घ्यायचा असेल तर माझी पसंती या शेवटच्या प्रकाराला आहे.

ओपिनेल कंपनीची फिरती कडी हा आणखी एक प्रकार. मार्सेल ओपिनेल यांनी ती १९५५ साली आणली. ते चाकू एकधारी असतात, पण त्यांच्या नंतरच्या कडीतला एक गुण उचलण्यासारखा आहे: ती पाते उघडे असतानाच नव्हे, तर मिटलेले असतानाही अडकवून ठेवते. लोक उघड्या चाकूची कळ पारखून घेतात. खिशासाठी मिटलेल्या चाकूची पकड त्याहून महत्त्वाची असते.

मिटलेल्या चाकूची पकड कशी पारखावी?

खोबणीचे तोंड जमिनीकडे करून, हात मऊ अंथरुणावर ठेवून चाकूला चार-सहा जोरदार झटके द्या. पाते केसभरही बाहेर येता कामा नये. साधारणपणे लायनर आणि फ्रेम लॉकच्या चाकूंत एक बारीक गोळी पात्याच्या बुडातील खळग्यात बसून ही पकड देते. ती झिजली किंवा पाते ज्यावर फिरते त्या खिळीचा स्क्रू सैल झाला की पकड जाते. नवा चाकू ठीक असला तरी ही चाचणी महिन्यातून एकदा करावी.

उघडी कळ पारखण्यासाठी काही जण पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर आपटतात. एकधारी चाकूतही ही सवय वाईट आहे, आणि दुधारी चाकूत तर ती टेबल, धार आणि बोटे तिघांच्याही मुळावर येते. बोटे खोबणीच्या बाहेर, मुठीच्या सपाट अंगांवर ठेवून, पाठीचा धार नसलेला बुडाकडचा भाग जाड घडीच्या कापडावर टेकवून हळूहळू दाब वाढवावा. कळ सरकली किंवा कुरकुरली तर चाकू परत करावा.

पाते मिटवताना बोट कुठे ठेवायचे?

घडीचा चाकू मिटवण्याची हाताला लागलेली सवय अशी असते की, अंगठ्याने कळ सोडायची आणि तर्जनीने पात्याची पाठ दाबत पाते आत ढकलायचे. दुधारी चाकूत तीच तर्जनी पाठीच्या धारेवर पडते. एकधारी चाकूवर वर्षानुवर्षे हात बसलेल्या माणसालाच ही जखम होण्याची भीती अधिक, कारण नवखा माणूस निदान बघून तरी मिटवतो.

पाते नेहमी त्याच्या दोन्ही सपाट अंगांना चिमटीत धरून मिटवावे, किंवा बुडाजवळ धार न दिलेला तुकडा असेल तर तेवढ्यावरच बोट टेकवावे. असा तुकडा किमान बोटाच्या पेराएवढा तरी हवा. तो नसेल तर चाकू कितीही देखणा असो, तो दुकानातच राहू द्यावा. कापताना अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवून जोर देण्याची सवयही इथे सोडून द्यावी लागते.

फुलपाखरू चाकू किंवा समोरून निघणारे चाकू हा चांगला पर्याय नाही का?

केवळ यंत्ररचनेपुरते बोलायचे, तर आहे. फिलिपिन्समधील बालिसाँग, ज्याला फुलपाखरू चाकू म्हणतात, त्याची मूठ दोन भागांची असते आणि मिटल्यावर प्रत्येक भाग पात्याची एक कड झाकतो. त्यामुळे दोन्ही धारा लपतात. मात्र तो उघडताना आणि मिटवताना एकधारी बालिसाँगमध्ये मुठीचा एक भाग निर्धोक असतो, कारण त्याच्याकडे पात्याची बोथट पाठ येते. दुधारी पात्यात दोन्ही भाग बोटांना चावणारेच असतात.

मुठीच्या तोंडातून पाते सरळ पुढे येणाऱ्या चाकूत पाते नळीत गेल्यासारखे चारही बाजूंनी बंद होते, त्यामुळे दुधारी पाते झाकण्याचा तो सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. परंतु ते बहुतेक स्प्रिंगवर चालतात, म्हणजे खटक्याचे चाकू ठरतात, आणि खिशात बटण चुकून सरकले तर पाते बाहेर यायला वाट मोकळीच असते. शिवाय अनेक देशांत हे दोन्ही प्रकार कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

पाते किती लांब आणि किती रुंद असावे?

लांबीपेक्षा रुंदी आधी पाहावी. पाते पूर्ण बुडायचे तर मुठीची रुंदी पात्याची रुंदी, खोबणीचा तळ आणि वरची मोकळी जागा यांच्या बेरजेएवढी लागते. २४ मिलिमीटरचे पाते झाकणारी मूठ सहज ३० मिलिमीटरच्या पुढे जाते आणि खिशात विटेसारखी टोचते. म्हणून खिशातला चांगला दुधारी चाकू बहुधा अरुंद पात्याचा, म्हणजे १५ ते १८ मिलिमीटरच्या आसपासचा असतो. मुठीला अंगठ्यासाठी खाच दिलेली असेल, तर त्या खाचेतून पात्याचा जो तुकडा उघडा दिसतो त्याला धार नसल्याची खात्री करावी.

लांबीला रोजच्या कामासाठी सात-आठ सेंटिमीटर पुरेसे आहेत.

उघडल्यावर हात पुढे घसरू नये म्हणून काय पाहावे?

उघडण्यासाठी पात्याच्या बुडाशी जी जीभ असते, ती चाकू उघडल्यावर तर्जनीपुढे आडवी येते आणि हात थांबवते. पण ती फक्त मुख्य धारेच्या बाजूला असते. पाठीच्या धारेच्या बाजूला मुठीलाच थोडा उंचवटा किंवा खडबडीत भाग हवा. मूठ गुळगुळीत धातूची असेल तर ओल्या हाताने ती धरून पाहावी, मगच ठरवावे.

क्लिप कशी असावी? टोक वर की खाली?

मिटलेल्या चाकूचे टोक खिशात वरच्या दिशेने राहते की खालच्या, यावर चाकूचे शौकीन तासन्‌तास वाद घालतात, आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. टोक वर असेल आणि पाते खिशातच थोडे उघडले, तर खिशात हात घालताना बोट आधी टोकाला भेटते. टोक खाली असेल आणि पाते उघडले, तर ते कापडातून मांडीकडे जाते.

टोक वर ठेवून खोबणीचे तोंड, म्हणजे पाठीची बाजू, खिशाच्या मागच्या शिवणीला चिकटेल अशी क्लिप असेल तर शिवणच पाते उघडू देत नाही. एकधारी चाकूसाठी ही उत्तम युक्ती आहे. दुधारी चाकूत मात्र शिवणीला टेकलेली कड धारेची असते, म्हणून ती पूर्ण बुडालेली नसेल तर शिवणच हळूहळू उसवते. पुन्हा सगळे पहिल्याच प्रश्नावर येऊन थांबते.

क्लिप इतकी घट्ट हवी की, खाली वाकताना चाकू खिशातून निसटणार नाही. चाकूच्या खिशात किल्ल्या, नाणी, फोन काहीही ठेवू नये. किल्लीचे टोक खोबणीत शिरून पाते उचलू शकते. मागच्या खिशात, बसण्याच्या जागी, चाकू कधीच नको.

म्यान किंवा थैली वापरावी का?

दुधारी चाकूसाठी होय, निःसंकोचपणे. पट्ट्याला अडकणारी, झाकण असलेली जाड चामड्याची किंवा कडक प्लास्टिकची थैली क्लिपपेक्षा बरी. त्यात पाते उघडायला जागा नसते. पातळ कापडी थैली नुसता देखावा आहे. चामड्याच्या थैलीत चाकू महिनोन्‌महिने ठेवून देऊ नये, कारण चामडे ओल धरते आणि पात्यावर डाग पडतात.

पोलाद कोणते निवडावे?

खिशात घाम असतो, म्हणून गंजरोधकपणाला धारेच्या टिकाऊपणापेक्षा थोडे अधिक वजन द्यावे. १४सी२८एन, ४४०सी किंवा एस३०व्ही ही पोलादे खिशासाठी समाधानकारक आहेत. डी२ धार चांगली धरते, पण पूर्णपणे गंजरोधक नाही; त्या पोलादाला अधूनमधून तेलाचा हात लागतो. गंज सर्वांत आधी खिळीपाशी आणि कळीच्या स्प्रिंगवर धरतो, जिथे तो दिसत नाही, आणि नेमके तिथेच त्याने सर्वाधिक नुकसान होते. चाकू ओला झाला तर नुसते पाते पुसून भागत नाही. खोबण कोरडी करून खिळीवर तेलाचा एक थेंब सोडावा.

घरी धार लावता येते का?

येते, पण एका वेळी एकच धार, आणि दुसरी झाकून. ज्या धारेचे काम नाही तिच्यावर टोकापर्यंत जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत. निसण्यावर पाते घासताना दुसऱ्या हाताची बोटे पात्यावर दाबून धरण्याची सवय असते. दुधारी पात्यात ती बोटे दुसऱ्या धारेच्या वाटेत असतात, म्हणून दाब मुठीकडूनच द्यावा. प्रत्येक अंगाला सुमारे २० अंशांचा कोन खिशातल्या चाकूला पुरतो. दोन्ही धारा सारख्याच घासल्या नाहीत, तर काही वर्षांत टोक मधल्या रेघेपासून सरकते आणि मिटल्यावर ते खोबणीच्या काठाबाहेर येऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी धार लावून झाल्यावर पट्टीची आणि कापडाची चाचणी पुन्हा करावी.

कायद्याचे काय?

दुसरी धार हा केवळ तांत्रिक तपशील नाही. अनेक ठिकाणी तीमुळे चाकू अवजारांच्या यादीतून निघून खंजिरांच्या यादीत जातो. नियम देशागणिक आणि काही देशांत राज्यागणिक बदलतात. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगता येणारा घडीचा चाकू ३ इंचांपेक्षा लांब धारेचा नसावा लागतो, आणि पाते कळीने पक्के अडकणारा चाकू तर त्या सवलतीत धरलाच जात नाही. म्हणजे दुधारी चाकूला ज्या कळीशिवाय हात लावू नये, तीच कळ तिथे अडचणीची ठरते. फुलपाखरू आणि खटक्याचे चाकू तिथे बंदी असलेल्यांत येतात. अमेरिकेत खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर १९५८ चा संघीय कायदा आहे, आणि त्याखेरीज प्रत्येक राज्याचे नियम वेगळे.

स्वतःच्या ठिकाणचा नियम चाकू घेण्याआधी वाचावा, आणि विक्रेत्याच्या तोंडी हवाल्यावर विसंबू नये. पात्याची लांबी, धारांची संख्या, कळ आणि उघडण्याची पद्धत या चारही गोष्टी त्यात स्वतंत्रपणे शोधाव्यात.

विमानात नेता येतो का?

हातातल्या सामानात नाही. अमेरिकेतील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्चमध्ये अगदी छोट्या चाकूंना केबिनमध्ये परवानगी देण्याचे जाहीर केले होते, पण विरोध झाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये तो बेत सोडून दिला. सोपवलेल्या सामानात, पोहोचण्याच्या देशात तो चाकू कायदेशीर असेल तर, मिटवून आणि कडक थैलीत गुंडाळून ठेवावा. बॅग उघडून तपासणाऱ्या माणसाचा हातही हातच असतो.

स्वसंरक्षणासाठी घ्यावा का?

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. घाबरलेल्या हाताने, घाईत, दोन्ही बाजूंनी कापणारे आणि एका कळीवर उभे असलेले पाते उघडणे यात पहिली जखम स्वतःलाच होण्याची शक्यता मोठी असते, आणि कायद्याच्या नजरेत 'अवजार' आणि 'शस्त्र' यांतली रेषा ओलांडली जाते ती बऱ्याचदा याच उद्देशामुळे. ज्याला पुठ्ठे, दोर आणि वेष्टने कापायची आहेत त्याने एकधारी, चांगल्या कळीचा चाकू घ्यावा. ज्याला दुधारी पात्याचा आकार आवडतो त्याने खोटी धार असलेला घ्यावा.

घरात लहान मुले असतील तर?

कुलपात ठेवावा. 'उंचावर ठेवला आहे' ही व्यवस्था नव्हे.

कोणी चाकू मागितला तर कसा द्यावा?

मिटवून. एकधारी चाकू उघडा देताना आपण पाठीकडून पाते धरतो आणि मूठ समोरच्याकडे करतो. दुधारी पाते असे धरायला जागाच नसते. मिटलेला चाकू त्याच्या तळहातावर ठेवावा, पाठीलाही धार आहे हे त्याला तोंडाने सांगावे, आणि त्याने ऐकल्याचे दिसल्याशिवाय आपला हात काढू नये. परत घेतानाही तो मिटलेलाच घ्यावा.